हरायला तयार असलेला राजा

नाशिकच्या पांडवलेण्यांमधलं सतरा क्रमांकाचं लेणं एका यवनाने कोरवून घेतलेलं आहे. तिथला ब्राह्मी लेख त्याचं नाव, गाव, बाप सगळं सांगतो: इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा राहणारा. आईवडिलांच्या नावे त्याने त्रिरश्मी डोंगरात हे लेणं, चैत्य आणि पाण्याची टाकी खोदवली. धम्मरक्षित हा त्याचा मुलगा त्या दानात सहभागी. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कितीतरी खांब धेनुकाकटच्या यवनांचं दान आहेत. हे लोक वंशाने ग्रीक होते की ग्रीकांच्या वस्त्यांमधून आलेले आणखी कुणी, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पण इथले लोक ज्यांना यवन म्हणून ओळखत आणि ज्यांची मुलं धम्मरक्षित नावाने वाढत, अशी माणसं दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीत होती. ती स्वतःच्या पैशाने बुद्धाच्या भिक्षूंसाठी डोंगर पोखरत होती. हे दगडावर लिहिलेलं आहे.

मी याच नाशिक शहरात तत्त्वज्ञान शिकवत आले. माझ्या विद्यार्थ्यांना प्लेटो, देकार्त, ह्यूम, कांट माहीत असायचे आणि लेणी त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच निर्णयात पालीलाही तो मिळाला. मराठीचं कौतुक आपण भरभरून केलं; पालीचं नाव बातमीच्या तळाशी राहून गेलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात ‘भारतीय ज्ञानप्रणाली’चे विषय पदवीच्या वर्गात आले आहेत. बौद्ध विचार आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांचं नातं मुलांना कसं सांगायचं, हे त्यामुळे लवकरच कुणीतरी ठरवणार आहे, आणि मला त्याची काळजी वाटते. कारण आपल्याकडे हे नातं सांगायची एकच रीत रुळलेली आहे: त्यांनी आज सांगितलं ते आमच्याकडे आधीपासून होतं. त्याला समोरून येणारं उत्तरही तितकंच जुनं: खरं तत्त्वज्ञान ग्रीसमध्ये जन्मलं, बाकी सगळा धर्म. दोन्हीकडचा बोलणारा जिंकायचं ठरवूनच आलेला असतो.

या बाबतीत मला ‘मिलिंदप्रश्न’ हा पाली ग्रंथ फार शहाणा वाटतो. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा. त्याची नाणी सापडतात. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. ग्रंथात त्याची राजधानी सागल आहे, ती बहुतेक अभ्यासक आजच्या सियालकोटशी जोडतात. नागसेन नावाच्या भिक्षूशी त्याचा संवाद शब्दशः असाच झाला असं मानायचं कारण नाही, ग्रंथ नंतर रचला आणि वाढवला गेला. पण त्यातला एक प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. चर्चा पुढे न्यायची तर नागसेन अट घालतो: पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. फरक काय, असं राजा विचारतो. पंडितांच्या वादात एकमेकांना पेचात धरलं जातं, चूक दाखवली जाते, ती कबूल केली जाते आणि त्यावरून कुणी चिडत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो ते मानत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो.

आणि मग तो हरतो. रथाची ती प्रसिद्ध चर्चा याच ग्रंथातली. ‘नागसेन’ हे नुसतं नाव आहे, आत कुणी व्यक्ती सापडत नाही, असं भिक्षू म्हणतो, तेव्हा राजाची शंका थेट नीतीची असते: मग चीवर वापरतो कोण? पुण्य कुणाचं, पाप कुणाचं? नागसेन उलट विचारतो, तुम्ही आलात कशाने? रथाने. मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. या सगळ्यांहून वेगळं असं काही रथ आहे का? तेही नाही. म्हणजे भागांच्या आधाराने चालणारं ते एक नाव. राजाला ते पटतं आणि तो मोकळेपणी तसं म्हणतो. या राजाबद्दल ग्रीक लेखक प्लूटार्कने लिहून ठेवलं आहे की तो वारल्यावर निरनिराळ्या शहरांनी त्याची रक्षा वाटून घेतली आणि स्मारकं उभारली. बुद्धाच्या अस्थींच्या वाटणीची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वाचून थबकायला होतं.

यानंतर सुमारे एकोणीस शतकांनी, 1739 मध्ये, स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम आपला मोठा ग्रंथ छापतो. ह्यूम आपल्या आत ‘मी’ शोधतो आणि त्याला कधी ऊब, कधी गारवा, कधी प्रेम, कधी चीड अशा सुट्या संवेदना तेवढ्या सापडतात. त्यांना धरून ठेवणारा मालक सापडत नाही. नागसेनाचीच वाट ही. ह्यूमच्या कानावर बुद्धाचा विचार गेला होता का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गॉपनिक यांनी 2009 मध्ये एका निबंधात हा प्रश्न मोठ्या चिकाटीने तपासला. ग्रंथ लिहिताना ह्यूम फ्रान्समधल्या ला फ्लेश गावी राहत होता. तिथे जेझुइटांचं मोठं कॉलेज होतं, देकार्त तिथलाच विद्यार्थी. इप्पोलितो देसिदेरी या इटालियन पाद्र्याने 1716 ते 1721 अशी वर्षं तिबेटात काढली होती, तिबेटी शिकून बौद्ध ग्रंथांचा अभ्यास केला होता, आणि परतीनंतर 1727 मध्ये तो ला फ्लेशला येऊन गेला होता. सयामला जाऊन आलेले दोलू नावाचे वृद्ध पाद्री तर ह्यूमच्या काळात तिथे राहतच होते. म्हणजे कुठल्या तरी संध्याकाळच्या गप्पांमधून काही पोचलं असण्याची शक्यता आहे. पुरावा नाही.

हा दुवा खरा निघाला तर अनेकांना अभिमान वाटेल. मला तो खोटा निघाला तर जास्त आनंद होईल. सागलचा भिक्षू आणि स्कॉटलंडचा तरुण एकमेकांचं नावही न ऐकता एकाच निरीक्षणापाशी पोचले असतील, तर ते निरीक्षण माणसाच्या मनाविषयी काही खरं सांगतं आहे, असा भरवसा वाढतो. उसनं घेतलेलं असेल तर फक्त पाद्र्यांच्या प्रवासाविषयी काही कळतं. ग्रीक संशयवादी पिऱ्हो अलेक्झांडरबरोबर भारतात आला होता, म्हणून त्याच्या विचारात अनित्य, दुःख, अनात्म शोधणारेही आहेत. ख्रिस्तोफर बेकविथ यांनी 2015 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते अनेकांना पटलेलं नाही. या वादाचा निकाल काहीही लागो, त्यावर बुद्धाची किंवा पिऱ्होची उंची अवलंबून नाही.

खरं शिकण्यासारखं आहे ते साम्य जिथे संपतं तिथे. ‘मी’ सापडत नाही या शोधाने ह्यूम हादरतो. त्या अंधारातून त्याला बाहेर काढतं ते जेवण, मित्रांच्या गप्पा आणि बॅकगॅमनचा डाव. हे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहिलं आहे. पुढच्याच वर्षी परिशिष्ट जोडून, या प्रश्नात आपण अडकलो आहोत अशी कबुलीही तो देतो. बुद्धाच्या परंपरेत नेमकं इथून काम सुरू होतं. ‘मी’ सापडत नसेल तर ‘माझं’ म्हणून चाललेली हाव आणि वैर कशाच्या जोरावर उभं आहे, हे रोजच्या सरावात पाहायचं असतं. शोध एक, पण एकाने तो अभ्यासिकेत ठेवून दार लावलं, दुसऱ्याने त्यावर जगण्याची शिस्त उभारली.

ह्यूमवरचा हाच भाग शिकवताना एका मुलीने मला विचारलं होतं, “मॅडम, आमच्या विहारात वर्षावासात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन असतं. त्यातही आत्मा नाकारलाय. ह्यूमच्या उत्तरात ते लिहिलं तर मार्क मिळतील का?” मी म्हटलं, “मी तपासला तर मिळतील.” पेपर बाहेर तपासले जातात हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. त्या मुलीच्या घरात जो विचार दर पावसाळ्यात मोठ्याने वाचला जात होता, त्याला तत्त्वज्ञानाच्या पेपरात जागा नव्हती. पुढे एका अभ्यास मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं की ‘व्यक्तीची ओळख’ या घटकात ह्यूमच्या शेजारी ‘मिलिंदप्रश्ना’तली दहा पानं ठेवूया. तो पालीचा विषय आहे, असं उत्तर मिळालं आणि पुढचा मुद्दा पुकारला गेला.

इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञांना ही अडचण वाटली नव्हती. ऑक्सफर्डच्या डेरेक पार्फिटने 1984 मध्ये याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं आणि आपला निष्कर्ष बुद्धाशी जुळतो हे दाखवायला स्वतंत्र परिशिष्ट जोडलं. स्वतःची घट्ट सीमा सुटल्यावर मरणाची धास्ती कमी झाली आणि इतर माणसं जवळची वाटू लागली, असंही त्याने सांगितलं. ह्यूमने लावलेलं दार त्याने थोडं किलकिलं केलं, असं मला वाटतं.

एकोणिसाव्या शतकातला युरोप मात्र बुद्धाशी बहुतेक वेळा राजाच्या रीतीने बोलला. त्याच शतकात नेपाळहून ब्रायन हॉजसनने संस्कृत बौद्ध पोथ्या पॅरिसला धाडल्या होत्या आणि यूजेन बुर्नूफने त्यांच्या आधारे 1844 मध्ये भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरचा पहिला भक्कम ग्रंथ लिहिला होता. बुर्नूफ भारतात कधी आला नाही, पण त्याची मेहनत पंडिताची होती. त्याच्या आगेमागे जे तत्त्वज्ञ होते त्यांना बुद्धात दिसली ती शून्याची पूजा. हेगेलने बौद्ध विचाराला आपल्या इतिहासाच्या जिन्यावर खालची पायरी दिली. निर्वाण म्हणजे नाहीसं होण्याची इच्छा, हे वाक्य तिथून जगभर पसरलं. शोपेनहॉवरने बुद्धावर प्रेम केलं, फ्रँकफर्टच्या घरात सोनेरी मूर्ती आणून ठेवली. आपलं पुस्तक निघालं तेव्हा युरोपात बौद्ध धर्माची फारशी माहितीच नव्हती आणि तरी विचार जुळले, याचा त्याला मनापासून आनंद होता. पण त्या आनंदात बुद्धाने त्याचं एखादं मत बदलल्याचं मला दिसत नाही. नित्शेने बौद्ध धर्माला ख्रिस्ती धर्मापेक्षा शंभर पटींनी वास्तववादी ठरवलं, आणि तरीही तो थकलेल्या लोकांचा धर्म म्हणून बाजूला सारला. यातल्या कुणालाच विचारायला समोर एखादा भिक्षू नव्हता.

समोर माणूस आला की काय होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्या गोव्याचं आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी. शाळा नावापुरतीच, आणि ‘बालबोध’ मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राची ओढ. त्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असं फिरत पाली शिकलेला हा माणूस 1910 मध्ये हार्वर्डला पोचला. तिथे हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू करून अपुरं ठेवलेलं ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं संपादन तडीस न्यायचं होतं. ग्रंथावर संपादक म्हणून श्रेय कुणाला द्यायचं यावरून तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि कोसंबी वाकले नाहीत. काम करायला ते पुन्हा पुन्हा तिथे गेले. ती आवृत्ती निघाली 1950 मध्ये, कोसंबी सेवाग्रामला देह ठेवून गेल्यावर तीन वर्षांनी. मधल्या काळात ते लेनिनग्राडलाही शिकवायला गेले. तिथे श्चेरबात्स्की हे रशियन पंडित कांटच्या परिभाषेत दिङ्नाग आणि धर्मकीर्ती हे बौद्ध तत्त्वज्ञ समजावून सांगत होते. कोसंबींनी पश्चिमेकडून कांट आणला नाही. त्यांनी आणली ती पोथीला इतिहासाचे प्रश्न विचारायची सवय आणि समाजवादाची आस्था. म्हणूनच ‘भगवान बुद्ध’मध्ये ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही कथा बाजूला ठेवतात आणि ‘सुत्तनिपाता’तल्या अत्तदंडसुत्ताकडे बोट दाखवतात: शस्त्रं घेऊन एकमेकांवर उठलेली माणसं पाहून हा तरुण व्यथित झाला होता.

बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्ध याच वाटेने पुढे जातो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भिडतात, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यातून परिव्रज्या येते. पण बाबासाहेबांच्या मागे आणखी एक गुरू उभा आहे. 1913 ते 1916 या वर्षांत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जॉन ड्युई यांची व्याख्यानं ऐकली. कुठलाही सिद्धान्त माणसांच्या एकत्र जगण्यात काय घडवतो यावर तपासायचा, ही ड्युईंची शिकवण. ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेब त्यांचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून करतात. 1952 च्या जूनमध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला गेले, त्याच आठवड्यात ड्युई वारले. भेट हुकली. आपल्या बौद्धिक जीवनाचं सारं ऋण या माणसाचं आहे, असं त्यांनी पत्नी माईंना पत्रात कळवलं.

आणि हे ऋण मानणारा माणूस दोनच वर्षांनी आकाशवाणीवर सांगतो की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी आणलेली नाही, ती आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली आहे. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. ड्युईंनी तपासायची रीत दिली. त्या रीतीने त्यांनी बुद्धालाही तपासलं आणि मग तोच टिकला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत ते चार अडचणी उघड मांडतात. त्यातली एक अशी: आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? हा तर मिलिंदाचाच प्रश्न. नागसेनाने त्याचं उत्तर एका दिव्याने दुसरा दिवा लावण्याच्या दाखल्याने दिलं होतं. बाबासाहेब तेवढ्यावर थांबत नाहीत, कारण मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त कुणाच्या माथी मारला जातो आणि कुणाला जबाबदारीतून सोडवतो, हे त्यांनी भोगलेलं होतं.

याची किंमतही मोजावी लागली. ग्रंथ आल्यावर महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यावर कडक टीका झाली. हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म, असा तिचा रोख होता. माझाही एका जागी मतभेद आहे आणि तो मी आदरानेच मांडते. चार आर्यसत्यांमुळे बुद्धाची शिकवण निराशेची ठरते, ही जी चिंता बाबासाहेब प्रस्तावनेत व्यक्त करतात, तिच्यात मला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा आरोप ऐकू येतो. दुःख आहे असं वैद्यासारखं स्पष्ट सांगणारा, आणि त्याचा उपाय सांगणारा, निराश नसतो. पण हा मतभेद मांडायला वर्ग हवा, पेपर हवा, दोन्ही बाजू वाचलेली मुलं हवीत. जयंतीच्या व्यासपीठावर तो मांडता येत नाही आणि मांडूही नये.

बुद्धाकडून घेणं आजही चालूच आहे. आमच्याच जिल्ह्यात इगतपुरीला, ब्रह्मदेशातून आलेल्या गोएंका गुरुजींच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. 1979 मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानाचा गाभा घेऊन जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी कार्यक्रम उभारला, आणि तो लाखमोलाचा होता. आता तेच ध्यान ‘माइंडफुलनेस’ होऊन पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत परतलं आहे, माणसाने न थकता जास्त काम करावं म्हणून. युरोपने एके काळी शून्य घेतलं आणि करुणा सोडली. आज श्वास घेतला जातो आणि ‘हे सगळं कुणासाठी’ हा प्रश्न सोडला जातो. उसनं घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न वगळून घेणं मला खटकतं.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं वादात हरलेल्या ग्रीक राजाचं आणि परिसराला त्याला हरवणाऱ्या भिक्षूचं: मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन. इतकं स्पष्ट सांगूनही आपण लेणी पुरातत्त्वाला दिली, कोसंबी पाली विभागाला, आंबेडकर राजकारणाला आणि ह्यूम तत्त्वज्ञान विभागाला.

माझी मागणी एका पेपरची आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, तत्त्वज्ञान आणि पाली या दोन्ही विषयांच्या मुलांनी एकत्र बसून घ्यायचा पेपर. त्यात ‘मिलिंदप्रश्ना’तला रथाचा आणि पुनर्जन्माचा भाग, ह्यूमचं ‘व्यक्तीची ओळख’ हे प्रकरण त्याच्या परिशिष्टासह, पार्फिटची काही पानं, कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’, आणि ड्युईंच्या ‘लोकशाही आणि शिक्षण’मधल्या एका प्रकरणाशेजारी बाबासाहेबांची प्रस्तावना. आणि एक सहल, सतराव्या लेण्यापर्यंत. शिकवायला दोन्ही विभागांचे शिक्षक एकाच तासाला वर्गात हवेत, आणि त्यांनी मुलांसमोर एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारायला हवेत. ‘मिलिंदप्रश्ना’ची रा. द. वाडेकरांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती मुंबई विद्यापीठाने 1940 मध्येच काढलेली आहे. कोसंबी मूळ मराठीतच आहेत, बाबासाहेबांचा ग्रंथ घराघरांत मराठीतून वाचला जातो. ह्यूमचं तेवढं प्रकरण चांगल्या मराठीत आणायला एखाद्या जाणत्या शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टी पुरेल. अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत तोवरच हे होऊ शकतं. एकदा छापले गेले की पुढची कित्येक वर्षं कुणी त्यांना हात लावणार नाही.